नातीचा चेहरा, सिरपूरचं बदक आणि एकच कॅमेरा

प्रश्न : इतिहासाची शिक्षिका म्हणून नुकतीच निवृत्त झाले. कॅमेरा घ्यायचा आहे. भाचा म्हणतो, "मावशी, घ्यायचा तर फुल फ्रेमच घे, नाहीतर मोबाइल काय वाईट आहे?" दुकानदार म्हणाले, "दोन लेन्सांचा किट न्या, त्यात सगळं होतं." शेजारचे काका पूर्वी लग्नाचे फोटो काढायचे, ते म्हणतात, "मेगापिक्सेल बघून घ्या." मला चारच गोष्टी टिपायच्या आहेत : नाटकं, सिरपूर तलावावरचे पक्षी, सराफ्यातली रात्र आणि दीड वर्षाची नात. एका कॅमेऱ्यात हे सगळं बसेल का? कुणाचं ऐकू?
— एक वाचक, दक्षिण तुकोगंज, इंदूर

उत्तर : काय टिपायचं आहे ते तुम्ही आधी सांगितलंत आणि 'कोणता घेऊ' हे नंतर विचारलंत, म्हणून तुम्हाला उत्तर देणं सोपं आहे. मला येणाऱ्या बहुतेक पत्रांत फक्त दोन मॉडेलांची नावं असतात आणि 'यातला चांगला कोणता?' एवढंच विचारलेलं असतं. चांगला कशासाठी, हे कळल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

तुमचा गोंधळ होणं साहजिक आहे, कारण तिघंही वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलत आहेत. भाचा सेन्सरच्या आकाराबद्दल बोलतोय, दुकानदार लेन्सांच्या संख्येबद्दल आणि काका चित्रातल्या ठिपक्यांच्या संख्येबद्दल. प्रत्येकाचं म्हणणं कुठे ना कुठे खरं आहे. पण तुम्ही कुठे उभ्या असणार, तिथे उजेड किती असणार आणि समोरचं जे काही आहे ते स्थिर बसणार की हलणार, हे तिघांपैकी कुणीच विचारलेलं नाही. कॅमेरा यावरून ठरतो.

आधी काकांचा मुद्दा, कारण तो लगेच मिटतो. ए४ आकाराच्या कागदावर उत्तम छपाईला इंचाला ३०० ठिपके लागतात, म्हणजे साधारण २४८० गुणिले ३५०८, एकूण ८७ लाख. घरातल्या फोर-के टीव्हीवर ८३ लाख ठिपके मावतात. आज दुकानात दिसणाऱ्या जवळपास प्रत्येक कॅमेऱ्यात दोन कोटी किंवा त्याहून जास्त असतात. डिजिटल कॅमेरे नवे आले तेव्हा त्यांत तीस-साठ लाखच ठिपके असायचे आणि एक फोटो जरा मोठा छापला की चौकडे दिसू लागायचे. काकांचा सल्ला त्या काळात अगदी रास्त होता. आता मेगापिक्सेल बघून कॅमेरा निवडणं म्हणजे पानं मोजून पुस्तक निवडणं.

भाच्याचा मुद्दा मात्र नीट उलगडायला हवा, आणि तुम्ही इतिहासाच्या असल्यामुळे मी तो इंदूरपासूनच सुरू करतो. १८६६ साली रुडकीच्या थॉमसन कॉलेजात शिकलेला एक तरुण इथल्या सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीला आला. पुढे राजा दीनदयाळ म्हणून देशभर गाजले ते हेच. छायाचित्रणाला त्यांनी हात घातला तो इंदुरातच. १८८२ मध्ये ब्रिटिश अधिकारी सर लेपल ग्रिफिन यांच्याबरोबर ते बुंदेलखंडात फिरले आणि मध्य भारतातल्या वास्तूंची छायाचित्रं काढली. त्या काळी काचेची पट्टी थेट कागदावर ठेवून, उन्हात धरून फोटो छापत. जेवढी काच, तेवढाच फोटो. मोठा फोटो हवा तर काच मोठी, काच मोठी तर कॅमेरा मोठा, आणि कॅमेरा मोठा तर तो वाहायला माणसं. 'मोठा कॅमेरा म्हणजे चांगला फोटो' हा समज तेव्हा शब्दशः खरा होता.

पुढे लहान निगेटिव्हवरून मोठा फोटो छापण्याची सोय झाली आणि कॅमेरे आकसले. १९२५ मध्ये जर्मनीत लायका कॅमेरा बाजारात आला. तो सिनेमाच्या फिल्मवर चालायचा आणि त्याच्या चौकटीचं माप होतं ३६ गुणिले २४ मिलिमीटर. पुढे तेच माप रूढ झालं आणि आजचं 'फुल फ्रेम' म्हणजे तेवढंच माप. 'फुल' या शब्दात पूर्णत्वाचं काही नाही. त्याहून मोठे सेन्सर असलेले कॅमेरेही मिळतात. त्याच्या खालचा एपीएस-सी सेन्सर साधारण २३.५ गुणिले १५.६ मिलिमीटरचा असतो, म्हणजे क्षेत्रफळानं फुल फ्रेमच्या निम्म्याहूनही थोडा कमी.

मग फुल फ्रेममुळे काय मिळतं? सेन्सर मोठा, म्हणून त्यावर एकूण उजेड जास्त गोळा होतो, साधारण सव्वादोन पटींहून थोडा अधिक. अंधुक जागी चित्र तेवढं स्वच्छ येतं, कणी कमी दिसते. हा फायदा खरा आहे. त्याची किंमत काय, हे दुकानाच्या काचेआड कळत नाही. ते सिरपूरला कळतं.

गेल्या जानेवारीत मी आणि माझे एक स्नेही पहाटे सिरपूरच्या बांधावर उभे होतो. २०२२ पासून हा तलाव पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे. हिवाळ्यात तिथे थापट्या, तलवार बदक, मोठी लालसरी असे उत्तरेकडचे पाहुणे उतरतात. पाण्यावर धुकं होतं आणि वारकरी पक्ष्यांचा काळा थवा कडेकडेनं चरत होता. एक मोठी लालसरी, तिचं डोकं विटकरी आणि चोच लालभडक, आमच्यापासून साधारण तीस मीटरवर येऊन थांबली. स्नेह्यांकडे फुल फ्रेम, माझ्याकडे एपीएस-सी. दोघांच्या लेन्सा ३०० मिलिमीटरच्या, दोघांचे मेगापिक्सेल २४. घरी येऊन दोन्ही फोटो शेजारी लावले आणि स्नेही काही वेळ गप्पच झाले. माझ्या फोटोत बदक मोठं होतं.

यात जादू नाही, त्रैराशिक आहे. समोरचा किती रुंद भाग चौकटीत येईल हे काढायला अंतराला सेन्सरच्या रुंदीनं गुणायचं आणि लेन्सच्या फोकल लेंथनं भागायचं. माझ्यासाठी : ३० मीटर गुणिले २३.५ भागिले ३००, म्हणजे २.३५ मीटर. स्नेह्यांसाठी : ३० गुणिले ३६ भागिले ३००, म्हणजे ३.६ मीटर. लालसरी असते ५५ सेंटिमीटरच्या आसपास. माझ्या सहा हजार ठिपक्यांच्या रुंदीत तिच्या वाट्याला १४०० ठिपके आले, त्यांच्या फोटोत जेमतेम ९००. लहान सेन्सर दूरच्या वस्तूला जवळ आणत नाही. तो बाजूचं पाणी कापून टाकतो आणि आपले सगळे ठिपके मधल्या भागावर खर्च करतो. पक्ष्यांसाठी आपल्याला तेच हवं असतं. फुल फ्रेमवर तेवढंच बदक हवं असेल तर ४५० मिलिमीटरची लेन्स लागेल, आणि तिथे पैसा आणि वजन दोन्ही एकदम चढतात.

हे त्रैराशिक वहीत लिहून ठेवा. दुकानात जायच्या आधी तुमच्या चारही जागांचं अंतर पावलांनी मोजलंत, तर कोणती लेन्स हवी हे तुम्हाला विक्रेत्याच्या आधी कळेल.

आता नाटक. रवींद्र नाट्यगृह तुमच्या घरापासून चालत जाण्याएवढं. समजा तुम्ही रंगमंचापासून पंधरा मीटरवर बसला आहात. एपीएस-सी कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरची लेन्स असेल तर सात मीटर रुंदीचा भाग येतो, म्हणजे बहुतेक प्रवेश. ८५ची लेन्स असेल तर चार मीटर, म्हणजे दोन पात्रं आणि त्यांच्यातला ताण. अंतराची अडचण इथे नाहीच. अडचण उजेडाची आहे.

आपल्या डोळ्यांना रंगमंच लख्ख वाटतो, पण कॅमेऱ्याच्या हिशेबी तो अंधारच. अशा जागी उजेड आत घेण्याचं काम लेन्सच्या छिद्राचं. लेन्सवर लिहिलेला 'एफ'चा आकडा म्हणजे फोकल लेंथ भागिले छिद्राचा व्यास, म्हणून आकडा जितका लहान तितकं छिद्र मोठं. एफ/५.६ पेक्षा एफ/२.८ला चौपट उजेड आत येतो आणि एफ/१.८ला जवळपास दहापट. किटमधल्या १८–५५ लेन्सचं छिद्र ५५ मिलिमीटरवर साधारण एफ/५.६ एवढंच उघडतं. पात्रं हलती, म्हणून शटर एका सेकंदाच्या दोनशेव्या भागाहून हळू ठेवता येत नाही. मग कमी पडलेला उजेड आयएसओ वाढवून भरून काढावा लागतो. आयएसओ वाढवल्यानं उजेड वाढतो, असा एक समज आहे. तसं होत नाही. जो काही आला आहे तो फुगवला जातो, आणि त्याच्याबरोबर कणीही फुगते. ज्या प्रवेशात किट लेन्सला ६४०० आयएसओ लागतो, तिथे एफ/१.८च्या लेन्सला ६४० पुरतो.

भाच्याला उत्तर इथेच मिळतं. फुल फ्रेम घेतल्यानं सव्वादोन पट फायदा, आणि एफ/१.८ची साधी ५० मिलिमीटरची लेन्स घेतल्यानं जवळपास दहापट. ही लेन्स बहुतेक कंपन्यांच्या यादीत सगळ्यात स्वस्त लेन्सांपैकी एक असते. महागडी बॉडी घेऊन तिच्यावर किट लेन्स लावून नाट्यगृहात बसलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्यासाठी मला मनापासून वाईट वाटतं, कारण त्यांनी पैसे खर्च केले ते चुकीच्या टोकाला.

नाटकाबद्दल आणखी दोन गैरसमज. लेन्सवर 'स्टॅबिलायझेशन' लिहिलेलं असतं आणि त्यामुळे अंधारात फोटो स्पष्ट येतील असं सांगितलं जातं. ते तुमच्या हाताचा कंप थोपवतं, नटाला थोपवत नाही. पडदा उघडण्याआधीचं नेपथ्य त्यानं सुरेख येईल, पण वळून बोलणारी नायिका पुसटच येईल. दुसरा गैरसमज फ्लॅशचा. अंतर पाचपट झालं की उजेड पंचविसावा हिस्सा उरतो. तीन मीटरवर लख्ख पडणारा फ्लॅश पंधरा मीटरवर पोचेपर्यंत काहीच उरत नाही. तुमच्या पुढच्या रांगेतल्या गृहस्थांचं डोकं मात्र छान उजळतं, आणि रंगमंचावरच्या माणसाचं लक्ष उडतं ते वेगळंच. फ्लॅश बंद, शटरचा आवाज बंद, कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्याचा चकाकणारा उजेडही बंद, आणि त्याआधी संस्थेची परवानगी. रंगमंचाचा मागचा पडदा काळा असेल तर कॅमेरा त्या काळेपणाला फसतो आणि चेहरे पांढरेफटक करतो. अशा वेळी एक्स्पोजर मुद्दाम एक पायरी खाली ओढा.

मग झूम लेन्स एफ/२.८ची का घेऊ नये, असं तुमच्या मनात येईल. घ्यावी, पण वजन आणि किंमत बघून. ३०० मिलिमीटरची लेन्स एफ/२.८ हवी तर छिद्र १०७ मिलिमीटरचं हवं, म्हणजे पुढची काच जेवणाच्या वाटीपेक्षा मोठी. तीच लेन्स एफ/५.६ची असेल तर ५४ मिलिमीटरवर भागतं. सिरपूरला उजेड भरपूर असतो, सूर्य वर आला की एफ/५.६ पुरतो. म्हणून दुकानदारांच्या किटमधली लांब लेन्स, ७०–३०० किंवा तत्सम, तलावासाठी अगदी योग्य आहे. 'त्यात सगळं होतं' हे मात्र नाट्यगृहाच्या दारापर्यंतच खरं.

सराफ्याबद्दल मी थोडक्यात सांगतो, कारण तिथे तुम्हाला नवीन काही घ्यायला लागणार नाही. दिवसा सोन्याचांदीचा बाजार, रात्री दुकानं मिटली की त्याच ओट्यांसमोर भुट्ट्याचा कीस, हिवाळ्यात गराडू, कढया आणि वाफ. गर्दीमुळे तुम्ही कुणापासूनही दोन मीटरपेक्षा लांब उभ्या राहूच शकत नाही. दोन मीटरवर २४ मिलिमीटरची लेन्स एपीएस-सीवर जवळजवळ दोन मीटरचा भाग घेते : कढई, हात आणि चेहरा. किट लेन्समध्ये २४ येतंच, आणि चांगला मोबाइलही इथे उत्तम चालतो. फक्त एक लक्षात ठेवा. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. डोळ्याला ते दिसत नाही, पण शटर फार जलद ठेवलं, विशेषतः आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर, तर फोटोत काळे आडवे पट्टे उमटतात. कॅमेरा बिघडला असं वाटून लोक दुकानात परत जातात. शटर पन्नासाव्या किंवा शंभराव्या भागावर आणा, पट्टे जातील. नाट्यगृहातही दिवे एलईडीचे असले तर हेच होऊ शकतं, म्हणून पहिल्या दोन मिनिटांत एकदा तपासून घ्या.

आता नात. मला वाटतं, खरा कॅमेरा तिच्यासाठीच घ्यायचा आहे, बाकीचं ओघानं आलं आहे.

'चेहऱ्यासाठी ८५ची लेन्स लागते, तिच्यानं चेहरा सुंदर येतो' असं तुम्हाला कुणीतरी सांगेल. चेहऱ्याचा आकार लेन्स ठरवत नाही, अंतर ठरवतं. मोबाइल नातीच्या नाकापासून ३० सेंटिमीटरवर धरलात आणि तिचा कान नाकाच्या मागे १० सेंटिमीटरवर आहे असं समजलं, तर नाक ३०वर, कान ४०वर. नाक कानाच्या मानानं तेहेतीस टक्के मोठं उमटतं आणि बाळ ओळखू येईनासं होतं. तुम्ही दीड मीटरपर्यंत मागे सरलात तर हे अंतर १५० आणि १६०, फरक सात टक्क्यांच्या आत. चेहरा तुम्हाला रोज दिसतो तसाच येतो. मागे सरल्यावर चौकटीत फक्त चेहरा राहावा म्हणून लांब लेन्स लागते, एवढाच तिचा भाग. तुमच्या नाटकाच्या ५० मिलिमीटरच्या लेन्सनं हे काम एपीएस-सीवर चोख होतं.

पण एफ/१.८ आहे म्हणून छिद्र नेहमी पूर्ण उघडू नका. सव्वा मीटरवरून ५० मिलिमीटर एफ/१.८ला जेवढं स्पष्ट येतं त्याची जाडी चार सेंटिमीटरच्या आसपास. नातीनं मान जराशी वळवली की एक डोळा लख्ख आणि दुसरा धुकट. एफ/२.८ किंवा एफ/४ ठेवा, तिला खिडकीजवळ बसवा, आणि शटर अडीचशेव्या भागाहून जलद ठेवा. दीड वर्षाचं मूल सांगून थांबत नाही, आणि थांबलेलं मूल फोटोत तसं जिवंतही वाटत नाही.

बॉडीचं महत्त्व सुरू होतं ते इथे. अलीकडच्या मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या, बॉडींमध्ये डोळा ओळखून त्यावर फोकस धरून ठेवण्याची सोय असते. ती धावणाऱ्या मुलासाठी आणि उडणाऱ्या पक्ष्यासाठी फार मोलाची आहे. जुन्या बॉडीवर मी अशा दहा फोटोंपैकी दोन-तीन वाचवायचो, आता बहुतेक वाचतात. तेव्हा बॉडी बघताना दुकानात तीन गोष्टी करून पाहा : डोळ्यावरचा फोकस चालू करून समोरच्या हलत्या माणसावर धरा, आवाज न करणारं शटर आहे का बघा, आणि कॅमेरा हातात घेऊन अंगठा-तर्जनी कुठे पोचतात ते पाहा. हातात न बसणारा कॅमेरा कपाटात जाऊन बसतो.

माझा कौल असा : एपीएस-सी मिररलेस बॉडी, दुकानदार देतात त्या दोन लेन्सांच्या किटसकट, आणि बॉडीची वरची पायरी गाळून वाचलेल्या पैशात ५० मिलिमीटर एफ/१.८. घेण्याआधी शक्य असेल तर हीच जोडी दोन दिवस भाड्यानं घ्या. एक संध्याकाळ नाट्यगृहात, एक पहाट तलावावर. कंपनी निवडताना एक विचार करा : लेन्सचा माउंट, म्हणजे बॉडीवर ती बसते तो सांधा, कंपनीगणिक वेगळा असतो. बॉडी बदलत राहते, पण लेन्सा वर्षानुवर्षं राहतात. भाच्याकडे ज्या कंपनीच्या लेन्सा आहेत तीच कंपनी घेतलीत, तर त्याच्या लेन्सा सणासुदीला मागून आणता येतील.

प्रश्न : वडिलांच्या फिल्म कॅमेऱ्याच्या चार लेन्सा कपाटात आहेत. नव्या डिजिटल बॉडीवर लावता येतील का? दुकानात दोघांनी 'हो' म्हटलं, एकानं 'नाही'.
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : तिघंही खरं बोलत असतील, कारण तिघांच्या मनात वेगवेगळी बॉडी असेल. प्रत्येक माउंटचं एक ठरलेलं अंतर असतं, लेन्स जिथे बसते तिथून फिल्म किंवा सेन्सरपर्यंतचं. निकॉनच्या १९५९च्या एफ माउंटमध्ये ते ४६.५ मिलिमीटर आहे, कारण मध्ये आरसा मावायला हवा. मिररलेसमध्ये आरसाच नाही, म्हणून निकॉन झेडमध्ये हे अंतर १६, सोनी ई-मध्ये १८, कॅनन आरएफमध्ये २० मिलिमीटर. जुनी लेन्स नव्या मिररलेसवर लावायची तर उरलेली जागा एका पोकळ कड्यानं भरून काढता येते. आत काच नाही, काही नाही, नुसतं अंतर. म्हणून जवळजवळ कोणतीही जुनी लेन्स मिररलेसवर बसते. फोकस मात्र हातानं करायचा. जुन्या मॅन्युअल लेन्सांचं कडं फिरवताना जे मऊ, जड समाधान मिळतं ते अनुभवून पाहाच.

उलट दिशेनं हे होत नाही. मिररलेसची लेन्स आरशाच्या कॅमेऱ्यावर लावायची तर ती बॉडीच्या आत घुसवावी लागेल.

एक फसगत टाळा. निकॉनच्या जुन्या एएफ-डी लेन्सांमध्ये फोकसची मोटर नसते, ती बॉडीत असावी लागते. डी३५०० किंवा डी५६०० सारख्या बॉडींमध्ये ती नाही. लेन्स बसते, उजेड मोजते, पण स्वतःहून फोकस करत नाही. जुन्या बाजारात अशी लेन्स स्वस्तात मिळाली म्हणून मी एकदा घेतली होती आणि घरी आल्यावर बिघडलेली समजून बसलो होतो. लेन्स निर्दोष होती, बॉडीची निवड मी चुकवली होती.

पैसे खर्चण्याआधी कपाटातली प्रत्येक लेन्स पुढची-मागची झाकणं काढून, छिद्र पूर्ण उघडून मोबाइलच्या टॉर्चवर धरा. आत कोळिष्टकासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी. माळव्यातल्या पावसाळ्यात, कातडी केसमध्ये बंद ठेवलेल्या लेन्सांना ती हमखास लागते, कारण कातडं ओल धरून ठेवतं. नुकती लागलेली बुरशी जाणकार कारागीर साफ करतो. काचेवरचा लेप तिनं खाल्ला असेल तर डाग राहतो. पुढे या लेन्सा कातडी केसमधून काढून घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेल घालून ठेवा. आर्द्रता चाळीस ते पन्नास टक्क्यांत राहिली की पुरे, त्याहून फार कोरडंही नको. जेल नारिंगी-हिरवं मिळतं ते घ्या. निळं-गुलाबी मिळतं त्यातला रंग विषारी असतो, ते स्वयंपाकघरात तापवून पुन्हा वापरू नका.

प्रश्न : रंगपंचमीच्या गेरला राजवाड्यापाशी नवा कॅमेरा नेऊ का?
— एक विद्यार्थी, इंदूर

उत्तर : ने, पण राजवाड्याच्या चौकात खाली उतरू नकोस, कुणा ओळखीच्या माणसाची वरच्या मजल्यावरची गॅलरी गाठ. गेरच्या मिरवणुकीतला फोटो वरूनच खुलतो : रंगाचा ढग, त्यातून वर आलेले हात, आणि मागे राजवाड्याचे मजले.

घरूनच एक लेन्स लावून निघ आणि संध्याकाळपर्यंत ती काढू नकोस. गुलालाचा कण सेन्सरवर बसला की तो प्रत्येक फोटोत डाग होऊन दिसतो. बाहेर सरकणारी झूम लेन्स शक्यतो नेऊ नकोस, कारण झूम करताना तिचं नळकांडं लोहाराच्या भात्यासारखं हवा ओढतं, आणि त्या हवेत तेव्हा गुलालच असतो. ३५ किंवा ५० मिलिमीटरची प्राइम, म्हणजे झूम नसलेली, लेन्स असेल तर सर्वांत बरं. बॉडीवर जाड प्लास्टिकची पिशवी ओढ, लेन्सच्या तोंडाशी रबरबँड लाव, पुढे साधा फिल्टर चढव. काचेवर रंग उडाला तर सदऱ्यानं पुसू नकोस, गुलालाचे कण काचेवर घासले जातात. आधी रबरी फुग्यानं फुंकून उडव, मग ब्रश, कापड सगळ्यात शेवटी. आणि घरी पोचल्यावर आंघोळ झाल्याशिवाय पिशवी सोडू नकोस, कारण तोपर्यंत सर्वांत जास्त गुलाल तुझ्याच केसांत असतो.